गॅदरिंग, जलसा आणि वार्षिकोत्सव

आमच्या राजेश्वर भागात शाळेच्या एकाच समारंभाला तीन नावे आहेत. मराठी घरांत त्याला गॅदरिंग म्हणतात. कन्नड निमंत्रणपत्रिकेवर ‘वार्षिकोत्सव’ छापलेले असते, आणि उर्दू शाळेतली मुले ‘सालाना जलसा’ म्हणतात. ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द माईकवर बोलणाऱ्या बाईंच्या तोंडी तेवढा ऐकू येतो, घरी कोणी म्हणत नाही. पुणे-हैदराबाद रस्त्यावर वसलेल्या आमच्या गावाला तीन भाषांचे नवल नाही. बाजारात भाव कन्नडमध्ये विचारावा, उर्दूत कमी करून घ्यावा आणि पैसे मोजताना मराठीत पुटपुटावे, ही इथली रीतच आहे. पण या तीन नावांमागे तीन वेगवेगळ्या राजवटींच्या शाळा उभ्या आहेत, हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आले.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस आहे. तरी दोन मुलांचा बाप म्हणून गेली दहा-बारा वर्षे मी दर हिवाळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गॅदरिंग पाहत आलो आहे. तिथेच एकदा मनात आले की ही खुर्ची इथे आली कधी? माझ्या आजोबांनी वडिलांचे गॅदरिंग पाहिले नव्हते. वडिलांनी माझे पाहिले ते पटांगणाच्या कडेला उभे राहून, सायकल हातात धरून. शाळेच्या समारंभात पालकाला बसायला जागा असते, ही गोष्ट आपण समजतो तेवढी जुनी नाही.

शिकणाऱ्याची चारचौघांत परीक्षा घ्यायची आणि त्याला मान द्यायचा, ही पद्धत मात्र आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत पुण्यात श्रावण महिन्यात विद्वानांची पारख होऊन दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्याच दक्षिणेच्या पैशांतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. त्याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा शाल देऊन सत्कार झाला, मुलींच्या शाळा चालवल्याबद्दल. पुढे १८५३ च्या फेब्रुवारीत त्यांच्या शाळांतल्या मुलींची जाहीर परीक्षा झाली. २३७ मुली परीक्षेला बसल्या आणि ते पाहायला सुमारे तीन हजार माणसे जमली होती. मुली सर्वांसमोर वाचून दाखवतात, हिशेब सांगतात, हे पाहण्यासाठी आलेली ती गर्दी होती. त्यात कौतुक करणारे होते तसे नुसते बघे आणि नावे ठेवणारेही असणारच. माझ्या मते महाराष्ट्रातले पहिले खरे गॅदरिंग हेच. नाचगाणे नव्हते, पण जे पणाला लागले होते ते आजच्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा मोठे होते.

मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेची बक्षिसे साहेबलोक वाटत. पुढच्या रांगेत गोरे अधिकारी, त्यांच्या मागे देणगी देणारे शेटसावकार. समारंभ होता तो त्यांच्यासाठी. सरकारला दाखवायचे की पैसा वाया गेला नाही आणि शेटजींना दाखवायचे की नाव झाले. मुलाच्या आईबापाला त्यात काही काम नव्हते.

या बक्षीस समारंभाचे मूळ शोधू गेले की माणूस युरोपात जाऊन पोचतो. जेझुइट पाद्र्यांनी १५९९ साली आपल्या शाळांसाठी एक नियमावली पक्की केली. तिच्यात बक्षिसे कशी ठरवावीत आणि जाहीर समारंभात कशी द्यावीत याचे नियमच आहेत. विद्यार्थ्यांनी नाटके करण्याची चालही याच शाळांतून वाढली. ते वारे आपल्याकडेही लवकर आले. गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात सोळाव्या शतकातच विद्यार्थी नाटके करत होते. म्हणजे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ उभे केले त्याच्या कितीतरी आधी कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाला शाळकरी मुले रंगमंचावर चढली होती. भाषा आपली नव्हती, एवढेच.

फ्रान्समध्ये ही पद्धत फार रुजली. तिथे वर्षाच्या शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बक्षीस वितरणाचा मोठा सोहळा होई. नगराध्यक्ष किंवा सरकारी अधिकारी भाषण करी, बँड वाजे, आणि पहिल्या आलेल्या मुलाला लाल बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे जाडजूड पुस्तक मिळे. १८८१-८२ च्या कायद्यांनी तिथले प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले, आणि हा सोहळा खेड्यापाड्यांत पोचला. मग १९६८ ची विद्यार्थी चळवळ झाली. सगळ्या वर्गासमोर एकाला पुस्तक आणि बाकीच्यांना टाळ्या, हे तिथल्या लोकांना खटकू लागले आणि बक्षीस समारंभ बहुतेक ठिकाणी बंद पडला. मागे राहिली ती शाळेची जत्रा. तिला ते ‘केर्मेस’ म्हणतात. हा शब्द मूळचा डच-फ्लेमिश भाषेतला, अर्थ चर्चची जत्रा. देवाच्या नावाने सुरू झालेली जत्रा शाळेच्या अंगणात आली आणि देव बाहेरच राहिला. हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराची जत्रा किंवा माणिकनगरची दत्तजयंती पाहिलेल्या माणसाला हे गमतीचे वाटेल.

‘गॅदरिंग’ हा शब्द मात्र आपल्याकडे कॉलेजांतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यामुंबईच्या कॉलेजांत आजी-माजी विद्यार्थ्यांचे ‘सोशल गॅदरिंग’ भरू लागले. जेवण, भाषणे, नाटकातले प्रवेश असा तो बेत असे. त्याचे मराठी रूप ‘स्नेहसंमेलन’. हायस्कुलांनी ते कॉलेजांकडून उचलले आणि प्राथमिक शाळांनी हायस्कुलांकडून. वर त्यात मेळ्यांची भर पडली. लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, आणि एकसारख्या पोशाखातली मुले रांगेने उभी राहून पदे म्हणतात असे मेळे गावोगाव निघाले. आज आपल्या शाळेतली मुले ओळीत उभी राहून हातवारे करत समूहगीत म्हणतात ना, ती उभे राहण्याची ढब मेळ्याची आहे. स्मरणिका गणेशोत्सवाची आहे म्हणून हे ओढूनताणून लिहीत नाही. जुन्या माणसांना मेळ्यातली पदे आणि शाळेतली पदे वेगळी सांगता येत नाहीत, हे मी स्वतः ऐकले आहे.

आता आमच्याकडे येतो. हे सगळे पुण्यात घडत होते तेव्हा बीदर जिल्हा निजामाच्या राज्यात होता. इथल्या शाळा सरकारी भाषेत तहतानिया, वस्तानिया आणि फोकानिया, म्हणजे प्राथमिक, माध्यमिक आणि हायस्कूल. ऐंशी-नव्वदीतली माणसे अजून “मी वस्तानियापर्यंत शिकलो” असेच सांगतात. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि पाटीवर उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. एका भारतीय भाषेत विद्यापीठाचे सगळे शिक्षण द्यायचे, हे धाडस देशात पहिले होते आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण राज्यातल्या बहुसंख्य मुलांची ती घरची भाषा नव्हती, ही अडचणही तेवढीच खरी.

त्या शाळांचे समारंभ दोन प्रकारचे. एक, निजामाची सालगिरह. राज्यगीत व्हायचे, मिठाई वाटली जायची आणि सुट्टी मिळायची. मीर उस्मान अली खानांचा रौप्यमहोत्सव १९३७ साली झाला तेव्हा राज्यभर असे जलसे झाले. दुसरा प्रकार म्हणजे मोहतमीम तालिमात, म्हणजे शिक्षणखात्याचा अधिकारी, तपासणीला येई तो दिवस. मुले धुतलेले कपडे घालत, भिंतींना चुना लागे, पाठ केलेली उर्दू कविता म्हटली जाई. आईबाप शाळेच्या आवारात पाऊल टाकत ते मुलाचे नाव घालताना आणि काढताना. शाळा ही कचेरीसारखीच एक जागा होती. आणि कचेरीत आपण तमाशा पाहायला जातो का?

लोकांनी आपल्या शाळा काढाव्यात तर त्यालाही परवानगी लागे. सभासंमेलनांवर ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाचा दाब होता. परवान्याशिवाय सभा नाही. १९०७ साली हैदराबादेत केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी विवेकवर्धिनी उभी केली, आणि गुलबर्ग्याला त्याच वर्षी नूतन विद्यालय सुरू झाले. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक होते. त्यांनाच पुढे सगळे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखू लागले. त्यांचे मूळ घराणे गुलबर्गा जिल्ह्यातले. या शाळांचे वार्षिक समारंभ म्हणजे परवान्याच्या कागदावर ‘शाळेचा कार्यक्रम’ आणि प्रत्यक्षात गावाची सभा. शिवाजी महाराजांवरचा एखादा प्रवेश, एखादे देशभक्तीचे पद, आणि समोर सतरंजीवर बसलेले आईबाप. पालक शाळेत पाहुणा म्हणून पहिल्यांदा बसला तो इथे, असे मला वाटते. त्याला बोलावले होते, कारण शाळा त्याच्या वर्गणीवर चालत होती आणि सरकार तिच्याकडे संशयाने पाहत होते. त्याने तिथे येऊन बसणे हीच साक्ष होती.

शाळेत काय गायचे यावर त्या काळी आयुष्ये पालटत. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून बंदी आली. विद्यार्थी हटले नाहीत. ठिणगी हैदराबाद, गुलबर्ग्यापर्यंत गेली. शेकडो मुलांची नावे काढली गेली आणि त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. आपण गॅदरिंगमध्ये प्रार्थना सुरू असताना मोबाइल चाळत असतो तेव्हा ही गोष्ट आठवली तर वाईट नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. आठ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड आणि जहीराबादचा बराचसा भाग आंध्रात गेला. उरलेला बीदर म्हैसूर राज्यात आला. राजेश्वर त्या उरलेल्या भागात. एका रात्रीत सोयऱ्याधायऱ्यांची गावे परराज्यात गेली. शाळेच्या इतिहासात याचा अर्थ असा की इथल्या मुलाला आधी उर्दू ही सरकारची भाषा होती, मग कन्नड झाली, आणि मराठी दोन्ही वेळेला घरची राहिली.

म्हैसूर आणि नंतर कर्नाटक सरकारने मराठी शाळा चालू ठेवल्या, हे इथे नमूद केले पाहिजे. सीमावादाच्या भाषणांत हे कोणी सांगत नाही. बसवकल्याण, भालकी, औराद तालुक्यांत आजही सरकारी मराठी शाळा आहेत. कर्नाटकाची पाठ्यपुस्तके सात माध्यमांत निघतात, त्यांत मराठी आहे. सरकारी ‘प्रतिभा कारंजी’ स्पर्धेतही मराठी कंठपाठाला जागा आहे. २०१५ च्या कायद्याने कन्नड शिकवणे सगळ्या शाळांना सक्तीचे झाले, त्यावर काही मंडळी नाराज झाली. मी दिवसभर कन्नडमध्ये फायली लिहितो, माझे पोट त्या भाषेवर आहे. मुलांना ती नीट यावी यात मला वावगे दिसत नाही. प्रश्न कन्नड येण्याचा नाही. मराठी शाळेच्या पटावरची नावे दरवर्षी कमी होत आहेत, आणि ती नावे कन्नड शाळेत जात नाहीत, इंग्रजीच्या पिवळ्या बसमध्ये बसून जातात.

गॅदरिंगची खरी भरभराट साठ ते नव्वदच्या दशकांतली. एका निवृत्त गुरुजींनी मला त्या काळच्या मंचाची कृती सांगितली. दोन बैलगाड्या जुवांकडून जवळ आणायच्या, चाकांना दगड लावायचे, वर शाळेची बाके उलटी टाकून फळ्या बांधायच्या. पडदा म्हणजे चार लुगडी शिवून. उजेडाला गॅसबत्त्या. मी बांधकामाच्या खात्यातला, तेव्हा मनातल्या मनात वजनाचा हिशेब केला आणि तो मंच कसा टिकत असेल या विचाराने अंगावर काटा आला. मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘मधुमंजिरी’ने बालरंगभूमीला सुरुवात केली, पाठोपाठ रत्नाकर मतकरींची बालनाट्ये आली, आणि छापील पुस्तकांतून, रेडिओवरून, बदलून आलेल्या शिक्षकांच्या ट्रंकेतून ही नाटके लातूर-उदगीरमार्गे आमच्यापर्यंत पोचली. राक्षसाचे मुखवटे इथेच, जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करून बनत. आईबाप तेव्हा नुसते पाहायला येत नव्हते. लुगडी त्यांची, बैलगाड्या त्यांच्या, राक्षसाच्या मिशीला लागणारे घोड्याचे केसही कुणा पालकानेच आणलेले.

माझा मेहुणा फ्रान्समध्ये तुलूझ शहरात नोकरीला आहे. मागच्या जूनमध्ये त्याने फोनवर त्याच्या मुलीच्या शाळेची जत्रा मला सविस्तर सांगितली. फोटो मात्र फक्त स्वतःच्या मुलीचे पाठवले, कारण दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय तिथे पाठवता येत नाहीत. आधी प्रत्येक वर्गाचे एक गाणे किंवा नाच. दीपप्रज्वलन नाही, पूजा नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, सत्काराचे नारळ नाहीत. भाषण मुख्याध्यापिकेचे, तेही पाच मिनिटांत आटोपले. मग आवारात खेळांच्या टपऱ्या, पाण्यातली प्लास्टिकची बदके गळाने पकडणे, डब्यांवर चेंडू मारणे, सोडत. टपऱ्या चालवायला पालक, केक करून आणणारे पालक, शेवटी टेबले उचलणारेही पालकच. जमलेल्या पैशांतून मुलांच्या सहलीचा खर्च निघतो. मेहुण्याला तासभर सरबत विकायला उभे केले होते. त्याचे फ्रेंच अजून कच्चे, पण सुट्टे पैसे मोजायला भाषा लागत नाही, असे तो म्हणाला. त्याच्या बायकोने चकल्या नेल्या होत्या, त्या अर्ध्या तासात संपल्या. शाळेच्या समितीवर तिथले पालक दर ऑक्टोबरात मत देऊन आपले प्रतिनिधी पाठवतात, तेव्हा पुढच्या वर्षी उभा राहतोस का असेही त्याला कोणी विचारले.

त्याला हे सगळे नवे वाटत होते. मला ते बैलगाड्यांच्या मंचासारखे वाटले. आपल्याकडेही शाळेच्या समितीवर पालक असतात, कर्नाटकात त्याचा सरकारी नियम आहे. पण गॅदरिंगच्या दिवशी पालकाचे काम आता वर्गणी देणे, भाड्याच्या पोशाखाचे पैसे देणे आणि मोबाइल उंच धरून उभे राहणे एवढेच उरले आहे. मंच ठेकेदाराचा, आवाज डीजेवाल्याचा, नाच शिकवायला शहरातून मास्तर. मान्यवरांच्या सत्काराला दीड तास. पहिलीतली पोरे तोवर पंख लावलेल्या अवस्थेत मंचामागे झोपी जातात. हे मी एका शाळेबद्दल लिहीत नाही, सगळीकडे असेच आहे. आणि मराठी शाळेच्या गॅदरिंगमध्येही दहापैकी सात गाणी हिंदी किंवा कन्नड सिनेमातली असतात. गाण्यांवर माझा राग नाही, त्यांतल्या काहींवर मीही ताल धरतो.

दोन वर्षांपूर्वी मात्र एका मराठी शाळेत पाचवीच्या चार मुलींनी जाते मांडून ओव्या म्हटल्या. टेप नव्हती, नुसता गळा. ओव्या त्यांना कुणा मुलीच्या आजीने शिकवल्या होत्या, आणि ती आजी खाली बसून त्यांच्याबरोबर ओठ हलवत होती. आमच्या शेजारच्या कल्याणीत, आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. ओवीविषयीच्या जुन्या लेखी पुराव्यांत ती अग्रभागी मानली जाते. कन्नड मुलखाच्या राजाने संस्कृतात लिहून ठेवलेली मराठी बायकांची गोष्ट, आणि तीही आमच्याच तालुक्यातून. त्या चार मुलींना हे कोणी सांगितले नव्हते. शिक्षकांनाही ठाऊक नव्हते. कार्यक्रमानंतर मी मुख्याध्यापकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, हे आधी कळले असते तर सूत्रसंचालनात घातले असते.” मग त्यांनी विचारले की अशा जुन्या गोष्टी कुठे लिहिलेल्या मिळतील?

शाळेच्या दप्तरात दाखल-खारिज रजिस्टर असते. ते जपणे बंधनकारक आहे, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पानेही त्यात सापडतात. गॅदरिंगची नोंद मात्र कुठेच नाही. कोणत्या वर्षी कोणते नाटक झाले, राक्षस कोण झाला होता, पडद्याची लुगडी कुणाकडून आली, हे सरकारला लागत नाही. पटसंख्या घटून एखादी शाळा दुसरीत विलीन होते तेव्हा रजिस्टर नव्या शाळेत जाते आणि कपाटातला बाकीचा कागद रद्दीत. असे एक कपाट रिकामे होताना मी पाहिले आहे. त्यात १९७० च्या दशकातल्या दोन निमंत्रणपत्रिका होत्या, एका बाजूला मराठी आणि मागे कन्नड. मी त्या मागून घेतल्या. एकीवर कार्यक्रमाच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिले आहे, पालकांनी बसण्यासाठी घोंगडी सोबत आणावी.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी बीदर, भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंद या भागातल्या जुन्या शाळांच्या अशा पत्रिका, गॅदरिंगचे फोटो किंवा मेळ्यांच्या पदांच्या वह्या असतील, त्यांनी मूळ कागद स्वतःकडेच ठेवावा आणि मोबाइलवर काढलेला फोटो मंडळाच्या कार्यालयात द्यावा. फोटोच्या मागे नावे लिहिलेली असतील तर मागची बाजूही घ्यावी. नसतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला या सुट्टीतच शेजारी बसवून विचारून घ्यावीत, कोण कुठे उभे आहे ते.